प्रहेलिका, गोष्ठी आणि पोथी

हस्तलिखितांच्या संग्रहांत काम करणाऱ्या प्रत्येकास एक अनुभव वारंवार येतो. एखाद्या मोठ्या ग्रंथाच्या शेवटच्या कोऱ्या पृष्ठावर, किंवा दोन बाडांच्या मधें अडकलेल्या सुट्या पानावर, एखादा श्लोक लिहिलेला आढळतो. त्याचा मागच्यापुढच्या मजकुराशीं संबंध नसतो, आणि सरळ वाचून अर्थही लागत नाहीं. सूचि करणारा अशा पानास 'स्फुट' हें नांव देतो व पुढच्या पोथीकडे वळतो. अशा स्फुटांत पुष्कळदां प्रहेलिका असतात. म्हणजे ज्यांस आम्ही मराठींत कूट, कोडें, उखाणा किंवा हुमाण म्हणतों तीं. या पानांचें मोल काय, आणि तीं वाचावीं कशीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. प्रहेलिका हें एकट्यानें बसून वाचावयाचें काव्य नव्हे. ती एकानें दुसऱ्यास द्यावयाची वस्तु आहे. ही गोष्ट नजरेआड झाल्यामुळें साहित्यशास्त्रकारांनीं तिला हीन लेखिलें, आणि त्याच कारणानें आमच्या काळच्या सूचिकारांच्या व संपादकांच्या हातून तिची हानि होत आहे.

(१)

प्रहेलिकेचें कुल प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील १६४ वें सूक्त, दीर्घतमस् ऋषीचें ५२ ऋचांचें, बहुतांशीं कूटमय आहे. अश्वमेधांत ऋत्विज् एकमेकांस जे प्रश्न घालीत ते ब्रह्मोद्य या नांवानें प्रसिद्ध असून वाजसनेयि संहितेच्या २३ व्या अध्यायांत ते आले आहेत. वनपर्वांतील यक्षप्रश्न तर सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु यज्ञमंडपांतील किंवा प्राणसंकटांतील प्रश्न हा आमचा विषय नव्हे. चार समानशील मित्र जमले असतां केवळ मौजेखातर एकमेकांस जीं कोडीं घालतात, त्यांचाच येथें विचार आहे.

या मौजेची पहिली व्यवस्थित नोंद वात्स्यायनाच्या कामसूत्रांत सांपडते. त्याच्या चौसष्ट कलांच्या यादींत प्रहेलिका आहे, आणि तिच्याच शेजारीं प्रतिमाला व दुर्वाचकयोग आहेत. प्रतिमाला म्हणजे आमच्या घरोघरच्या भेंड्या; दुर्वाचकयोग म्हणजे जीभ अडखळविणाऱ्या वाक्यांचा खेळ. पुढें नागरकाच्या दिनचर्येंत गोष्ठीचें वर्णन करितांना वात्स्यायन सांगतो कीं, विद्या, बुद्धि, शील, वित्त व वय यांनीं जे समान, त्यांनीं एकत्र बसून काव्याच्या व कलांच्या समस्यांची चर्चा करावी. गोष्ठींत केवळ संस्कृतांत बोलूं नये व केवळ देशभाषेंतही बोलूं नये, असाही त्याचा उपदेश आहे. प्रहेलिकेच्या दृष्टीनें यांतील 'समान' हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्यास कोडें घालावयाचें त्याच्यापाशीं तें सोडविण्याची सामग्री असल्यावांचून खेळ होत नाहीं. पंडितानें अज्ञास कूट घातलें तर ती चेष्टा होते. समानांत घातलें तर तो विनोद होतो.

बाणभट्टानें कादंबरीच्या आरंभीं शूद्रक राजाचे विनोद सांगतांना अक्षरच्युतक, मात्राच्युतक, बिंदुमती, गूढचतुर्थपाद व प्रहेलिका यांची मालिका दिली आहे, आणि त्या मालिकेच्या शेवटीं योजिलेला शब्द 'प्रदान' हा आहे. राजा प्रहेलिका वाचतो किंवा रचितो असें बाण म्हणत नाहीं, 'प्रदान' म्हणतो. यांतील बिंदुमतींत श्लोकाच्या व्यंजनांच्या जागीं नुसते बिंदु मांडितात, स्वरांचीं चिन्हें तेवढीं राखितात, आणि त्यावरून मूळ श्लोक ओळखावयाचा असतो. म्हणजे हा खेळ लेखनावांचून होतच नाहीं; पान लिहूनच मित्राच्या हातीं द्यावें लागतें. आमच्या संग्रहांतील एखादें सुटें पान एखाद्या ग्रंथाची उरलेली नक्कल असेल. पण तें अशा प्रदानाचें प्रत्यक्ष साधनही असूं शकेल, हें सूचिकारानें विसरूं नये.

महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित असे दोन ग्रंथ येथें आठवतात. उद्द्योतनसूरीची प्राकृत कुवलयमाला शके ७०० संपण्यास एक दिवस उरला असतां, म्हणजे इ. स. ७७९ मध्यें, जाबालिपुर येथें पुरी झाली. देशी भाषा बोलणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वर्णनांत तींत मरहट्टांचा उल्लेख असल्यामुळें मराठीच्या इतिहासकारांनीं तो उतारा शतवार उद्धृत केला आहे. त्याच ग्रंथांत नवपरिणीत नायकनायिका एकमेकांस प्रहेलिका, बिंदुमती, प्रश्नोत्तर इत्यादि घालून वेळ घालवितात, आणि ग्रंथकार या प्रकारांचीं लक्षणेंही सांगतो. या भागाकडे मात्र आमच्यांतील फारच थोड्यांचें लक्ष गेलें आहे. दुसरा ग्रंथ कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा मानसोल्लास, शके १०५१, इ. स. ११२९. त्यांतील मराठी पद्यांसाठीं आम्ही तो धुंडाळिला. परंतु राजाच्या क्रीडांच्या प्रकरणांत चतुरंग व पाशक यांच्या पंक्तीस सोमेश्वरानें प्रहेलिकाक्रीडा बसविली आहे, ही गोष्ट तेवढीच ध्यानांत घेण्याजोगी आहे. बुद्धिबळांप्रमाणें प्रहेलिकेसही दुसरा गडी लागतो, हें त्या राजानें ओळखलें होतें.

(२)

आतां साहित्यशास्त्रकारांकडे वळूं. भामह प्रहेलिकेचा उल्लेख करून म्हणतो कीं, काव्य जर शास्त्राप्रमाणें टीकेच्या आधारानेंच समजावयाचें असेल तर तो बुद्धिमंतांचा उत्सव खरा, परंतु मंदबुद्धि बिचारे मेलेच. भट्टीनें आपल्या काव्याच्या शेवटीं जवळजवळ याच शब्दांत नेमकें उलट, अभिमानानें सांगितलें आहे. रुद्रटानें बिंदुच्युतक, प्रहेलिका, प्रश्नोत्तर इत्यादींस केवळ क्रीडेपुरते उपयोगी ठरविलें. आनंदवर्धनानें चित्रकाव्यास काव्य न म्हणतां काव्याची नक्कल म्हटलें. मम्मटानें अशी रचना कष्टाची म्हणून तिची नुसती दिशा दाखविली. आणि विश्वनाथानें साहित्यदर्पणांत प्रहेलिका रसाच्या आड येते म्हणून ती अलंकारच नव्हे, असा निकाल दिला.

रसध्वनि हें काव्याचें सर्वस्व मानल्यावर हा निकाल ओघानेंच येतो, व त्या मर्यादेंत तो खराही आहे. प्रहेलिकेंत रस नसतो. अर्थ कळेपर्यंत चित्त अडलेलें असतें, आणि अडलेल्या चित्तास रसास्वाद कोठला? आमचा आक्षेप निराळा आहे. या शास्त्रकारांनीं प्रहेलिकेची परीक्षा एकट्या सहृदयाच्या मनांत केली. श्लोक आहे, वाचणारा आहे, तिसरें कोणी नाहीं. वास्तविक येथें तिसरा असतोच. तो समोर बसून हंसत असतो. चुकीच्या उत्तरावर मान हालवितो. मित्र अगदींच अडला तर एक अक्षर सुचवितो. आणि उत्तर निघालें म्हणजे दोघांस एकदमच आनंद होतो. हा आनंद श्लोकांत नसतो, तो बैठकींत असतो. बैठक काढून घेऊन श्लोकांत आनंद शोधणें म्हणजे सोंगट्या हातांत घेऊन त्यांत डाव शोधण्यासारखें आहे.

हें तत्त्व एकट्या दंडीनें स्पष्ट जाणलें. काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदांत त्यानें प्रहेलिकांचे तीन उपयोग सांगितले आहेत. क्रीडागोष्ठींतील विनोद हा पहिला. गर्दींत जाणत्यांनीं आपसांत गुप्त बोलणें हा दुसरा. आणि परक्यास बुचकळ्यांत पाडणें हा तिसरा. तिन्ही उपयोगांत माणसें आहेत. एकटा वाचक कोठेंच नाहीं. पूर्वाचार्यांनीं सांगितलेले सोळा निर्दोष प्रकार तो नामनिर्देशानें देतो आणि त्यांनीं चौदा दुष्ट प्रकारही गणिले होते असें सांगून ते सोडून देतो. कारण दोषांस अंत नसतो. दंडीचें वर्गीकरण पुढच्यांनीं क्लिष्ट म्हणून बाजूस ठेविलें. आमच्या मतें हस्तलिखितें वाचणाऱ्यास तें आजही अत्यंत उपयोगी आहे. तें कसें, हें चौथ्या भागांत दाखवूं.

धर्मदास या बौद्ध पंडिताच्या चार परिच्छेदांच्या प्रहेलिकाग्रंथाचें नांव विदग्धमुखमंडन असें आहे. चतुरांच्या मुखाचें भूषण! ग्रंथकारानें तें चतुरांच्या ग्रंथसंग्रहाचें भूषण म्हटलें नाहीं. या ग्रंथावर जैन पंडितांनींही टीका लिहिल्या आहेत. यावरून कोड्याच्या गोष्ठींत संप्रदायभेद आड येत नसे असें दिसतें.

(३)

काव्याप्रमाणें गणितासही हेंच लागू आहे. ब्रह्मगुप्तानें शके ५५०, इ. स. ६२८ मध्यें ब्राह्मस्फुटसिद्धांत रचिला. त्यांत आपले प्रश्न केवळ सुखासाठीं आहेत असें तो सांगतो; आणि सूर्य जसा ताऱ्यांचें तेज झांकतो तसा असे प्रश्न घालणारा लोकांच्या सभेंत इतर ज्योतिष्यांचें तेज झांकील, असेंही म्हणतो. त्याचा एक प्रश्न असा: कोणत्या संख्येच्या वर्गास ९२ नीं गुणून एक मिळविला असतां पूर्ण वर्ग येतो? वर्षाच्या आंत उत्तर काढील तो गणक, ही त्याची अट आहे. उत्तर १२० आहे, कारण त्याच्या वर्गाची ९२ पट अधिक एक म्हणजे १३,२४,८०१, आणि तो ११५१ चा वर्ग होय. भास्कराचार्यांनीं बीजगणितांत ९२ च्या जागीं ६१ घेऊन हाच प्रश्न अधिक कठिण केला. तेथें लहानांत लहान संख्या २२,६१,५३,९८० इतकी मोठी आहे. फ्रान्समधील फर्मा यास भास्कराचार्यांचें नांवही ठाऊक नसतां त्यानें १६५७ सालीं याच जातीचा प्रश्न युरोपांतील गणित्यांस आव्हान म्हणून पाठविला, आणि फ्रेनिक्ल या मित्रास लिहितांना नेमका ६१ हाच आंकडा घेतला. प्रश्न मित्रास द्यावा, उत्तर आपल्यापाशीं राखावें, आणि त्याच्या पत्राची वाट पाहावी, ही वृत्ति देशकालानें बदलत नाहीं.

(४)

आतां पोथ्यांकडे. आमच्या जुन्या लेखनांत, बाळबोध असो कीं मोडी, शब्द तोडून लिहिण्याची चाल नव्हती. अक्षरें सलग चालत. आम्ही केवळ नमुन्यादाखल रचिलेली ही मराठी ओळ पाहा:

काजळतेंडोळ्यांत

ही एकाच वेळीं प्रश्न आहे व उत्तरही आहे. 'का जळतें डोळ्यांत?' असा प्रश्न. 'काजळ तें डोळ्यांत' असें उत्तर. प्रश्न जेथें आहे तेथेंच उत्तर दडलेलें असल्यामुळें संस्कृतांत हिला अंतर्लापिका म्हणतील. आणि पदांच्या जोडणीमुळें अर्थ झांकला जातो म्हणून दंडीच्या सोळांत हिचें स्थान समागतेच्या जवळ पडेल. आतां कल्पना करा कीं, अशी ओळ पोथींत आढळली व संपादकानें ती नेहमींच्या पद्धतीनें पदें तोडून छापली. 'काजळ तें डोळ्यांत' असें छापलें तर प्रश्न मेला. 'का जळतें डोळ्यांत' असें छापलें तर उत्तर हरवलें. लेखकाच्या सलग अक्षरांत दोन्ही जिवंत होतीं. संपादकाच्या एका मोकळ्या जागेनें त्यांतील एक नाहीसें केलें.

दुसरें पाहा. 'कां' या प्रश्नार्थक शब्दावर आम्ही बिंदु देतों, आणि वरील ओळींत तो दिलेला नाहीं. दिल्यास 'काजळ' होणार नाहीं. शिस्तीचा संपादक हा लेखनदोष समजून बिंदु घालील व आपण शुद्धि केली म्हणून समाधान पावेल. बिंदुच्युतक व मात्राच्युतक या जातींत गाळलेलें चिन्ह हाच कवीचा व्यापार असतो. इतरत्र अर्थ अडला म्हणजे आम्ही लेखकाच्या प्रमादाची शंका घेतों, व तें योग्यही आहे. प्रहेलिकेंत मात्र अर्थ अडणें हाच कवीचा हेतु असल्यामुळें शंका प्रथम आपल्या वाचनाची घ्यावी, मग लेखकाची. एकमेकांशीं संबद्ध पदें मुद्दाम दूर टाकून भ्रम उत्पन्न करणाऱ्या व्युत्क्रान्तेस किंवा रूढ शब्द निराळ्याच अर्थानें योजणाऱ्या वंचितेस संशोधनाच्या नांवाखालीं सरळ केलें, म्हणजे श्लोक 'शुद्ध' होतो आणि कोडें नष्ट होतें. दंडीचे प्रकार ध्यानांत असलेला वाचक असे पाठ सुधारण्यापूर्वीं थांबेल.

पोथ्यांच्या पुष्पिकांत तर आम्ही नित्य कोडीं सोडवितों, फक्त त्यांस कोडीं म्हणत नाहीं. समजा, एखाद्या पुष्पिकेंत शक 'सागर-नंद-रस-चंद्र' असा दिला आहे. अंकांची गति उजवीकडून डावीकडे. चंद्र एक, रस सहा, नंद नऊ. परंतु सागर चार कीं सात? दोन्ही संकेत रूढ आहेत. चार घेतल्यास शके १६९४, सात घेतल्यास १६९७. पुढें संवत्सराचें नांव नंदन असेल तर पहिला, मन्मथ असेल तर दुसरा, हें प्रभवादि चक्रावरून लगेच ठरतें. शिवराज्याभिषेकाचा शके १५९६ हा आनंद संवत्सर होता, तेथून मोजून कोणीही पडताळा पाहावा. तीन वर्षांचें अंतर एखाद्या पोथीच्या बाबतींत अगदीं निर्णायक ठरूं शकतें. म्हणून कूटें सोडविण्याची सवय हा संशोधकाचा रिकामपणाचा उद्योग नव्हे. ती त्याच्या शिक्षणाचा भाग आहे.

गणेशानें एकदांही न थांबतां लिहावें आणि व्यासांनीं मधून मधून कूटश्लोक घालून त्यास विचारांत पाडावें, ही कथा सर्वश्रुत आहे. अशा श्लोकांची संख्या ८,८०० सांगतात. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीच्या आदिपर्वांत, डॉ. सुकथनकर यांनीं १९३३ मध्यें पुऱ्या केलेल्या भागांत, गणेशाची कथा मूळ संहितेंतून काढून परिशिष्टांत घातली आहे, व प्रतींच्या साक्षीवरून तेंच योग्य आहे. पण ती कथा रचणारास एक गोष्ट पक्की ठाऊक होती: कूटापाशीं लेखणी थांबते. लेखकाची लेखणी कोठें थांबली, कोठें खाडाखोड झाली, कोठें समासांत निराळ्या हातानें एक शब्द लिहिला गेला, हें पाहिलें तर एखाद्या कोड्याचें उत्तर कोणीतरी शोधीत होता हें कळतें. समासांतला तो एक शब्द बहुधा उत्तर असतो. आणि नक्कल करणारा पुढें त्यासच पाठभेद समजून श्लोकांत ओढतो.

(५)

प्रहेलिकेची कड घेतांना तिचे दोष झांकण्याचें आम्हांस कारण नाहीं. दंडीनें सांगितलेला तिसरा उपयोग, परव्यामोहन, हा पुष्कळ पंडितांचा पहिला उपयोग होऊन बसला. कोशांतून धुंडाळून काढलेल्या अप्रसिद्ध शब्दांनीं श्लोक भरावा व समोरच्यास निरुत्तर करावें, यांत कोशाची परीक्षा होते, बुद्धीची होत नाहीं. चांगल्या कोड्याची आमची कसोटी एकच आहे: उत्तर सांगितल्यावर ऐकणारानें 'हें तर माझ्या डोळ्यांसमोर होतें' असें म्हटलें पाहिजे. 'हें मला कसें कळावें?' असें म्हटलें, तर कोडें घालणारा हरला.

या कसोटीस आमच्या बायकामुलांचीं हुमाणें बहुधा पंडितांच्या कूटांहून अधिक उतरतात. मोल्सवर्थच्या कोशांत हुमाण हा शब्द नोंदला गेला खरा. परंतु खुद्द हुमाणें पोथ्यांत फारशीं चढलीं नाहींत, कारण तीं घालणारांपाशीं बोरू नव्हता. उखाणा या शब्दाचा अर्थही आज बहुतेकांच्या मनांत पतीचें नांव घेण्यापुरता उरला आहे. मोरोपंतांनीं ओष्ठ्य अक्षरें वर्ज्य करून निरोष्ठ रामायण रचिलें; ती किमया कोणीतरी कानांत सांगितल्यावांचून ध्यानांत येत नाहीं, आणि सांगितल्यावर मात्र प्रत्येक आर्या ओंठ न मिटतां म्हणून पाहण्याचा मोह आवरत नाहीं. तें कानांत सांगणें हीच गोष्ठी.

लुडविक स्टर्नबाख यांनीं १९७५ मध्यें होशियारपूर येथून भारतीय कोड्यांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि संस्कृत वाङ्मयाच्या इतिहासांतील हें विसरलेलें प्रकरण होय, असें त्याच्या नांवांतच म्हटलें. त्यापूर्वीं काशिनाथ पांडुरंग परब यांच्या सुभाषितरत्नभांडागारांत चित्रप्रकरणानें पुष्कळ कूटें एकत्र आणिलीं होतीं. या दोघांचे उपकार मोठे आहेत. तथापि संग्रहांत कोड्यापाशींच त्याचें उत्तर छापण्याची जी चाल सर्वत्र पडली आहे, तिनें वाचकाची मौज हिरावली जाते. डोळा आधीं उत्तराकडे जातो, मग कोड्याकडे. आणि अशा रीतीनें शंभर कोडीं वाचूनही एकही सुटलेलें नसतें.

(६)

यावरून सूचिकारांस व संपादकांस आमच्या विनंत्या निघतात. सुट्या पानावरील कूटास नुसतें 'स्फुट' न म्हणतां त्याचा आद्य चरण सूचींत द्यावा; तो दिल्यावांचून दोन संग्रहांतील एकच कोडें एकमेकांस भेटणार नाहीं. छापतांना मूळ अक्षरें पोथींत असतील तशीं सलग ठेवावीं, व पदच्छेद निराळा करावा. समासांतील शब्द कोणत्या हाताचा व कोणत्या शाईचा, हें नमूद करावें. उत्तर ग्रंथाच्या शेवटीं घालावें. तोंडीं मिळालेल्या हुमाणाबरोबर गांव, जात्यावर ऐकलें कीं अंगणांत, आणि तें मोठ्यांनीं मुलांस घातलें कीं मुलांनीं मोठ्यांस, एवढें तरी टिपावें.

संग्राहकांपाशीं आमचें मागणें याहून थोडें अधिक आहे. बंद कपाटांतील ताम्रपट ताम्रपटच राहतो, व सनद सनदच राहते. कोणी वाचो वा न वाचो, त्यांचा अर्थ उणा होत नाहीं. प्रहेलिकेचें तसें नाहीं. ती द्यावयास कोणी उरला नाहीं म्हणजे ती नुसती दुर्बोध ओळ होते, आणि उत्तर जाणणारा शेवटचा माणूस गेला म्हणजे तीही जाते. म्हणून ज्यांच्या संग्रहांत असें पान असेल त्यांनीं त्याची नक्कल, उत्तर न कळवितां, आपल्या बरोबरीच्या एका तरी मित्रास पाठवावी, आणि त्याचें उत्तर आल्यावर तीं दोन्ही प्रसिद्धीसाठीं द्यावीं. मित्राचें उत्तर आपल्याहून निराळें निघालें, तर तेंही अवश्य द्यावें. कोणतें खरें याचा निर्णय पुढच्या गोष्ठीवर सोंपविण्यास हरकत नाहीं.